गाडीचं तोंड

गाडीत बसणाऱ्याला गाडीचं तोंड कधी दिसत नाही. सीट त्याची, स्टिअरिंग त्याचं, हप्ते त्याचे, पीयूसीही त्याचीच. पण कंपनीने जिथे सगळा क्रोम आणि सगळा रुबाब ओतलेला असतो, ते पुढचं तोंड बघायला मिळतं राँग साइडने येणाऱ्या स्कूटरवाल्याला. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी आपल्या खिशातून करायचा हा खर्च. असल्या खर्चात मराठी मध्यमवर्ग सहसा पडत नाही. पडलाच तर मुलीच्या लग्नात पडतो आणि पुढे वीस वर्षं त्यावर बोलतो.

म्हणून आमच्या सोसायटीतल्या नानांनी गाडीची पुढची जाळी आणि बॉनेटवरची चांदणी बदलायची, तीही गॅरेजात न जाता पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी बदलायची, असं जाहीर केलं तेव्हा जी चर्चा झाली, ती लिफ्टच्या वर्गणीच्या वेळीही झाली नव्हती.

नानांची गाडी मर्सिडीज आहे. दचकण्याचं कारण नाही. १९९५ साली टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात मर्सिडीज जुळवायला सुरुवात झाली, तेव्हा डब्ल्यू १२४ या पिढीची ई-क्लास बाहेर पडू लागली. नानांची ई २२० त्यातलीच. गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीत चार गोल डोळ्यांची नवी ई-क्लास आली आणि ही पिढी तिकडे निवृत्तीला लागली. म्हणजे तिकडे निरोप समारंभ आणि इकडे नेमणूकपत्र, दोन्ही एकाच वर्षी. नानांनी स्वतःही हयात पिंपरीच्या कारखान्यांत घालवली, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या काळजाला भिडली. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतली, नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत. "घेणं स्वस्त असतं हो," नानी म्हणतात, "ठेवणं काढतं दिवाळं." मग पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी आली, हरित कर आला. शिवाय एवढ्या मोठ्या काचेला वायपर एकच कसा, हा नानींचा प्रश्न आला. त्यावर तो एकच वायपर सरकताना उडी मारतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, हे उत्तर नाना प्रत्येक पाहुण्याला देतात. उरलेल्या १४ टक्क्यांबद्दल नानी बोलतात.

तर या गाडीची चांदणी एका दिवाळीत नाहीशी झाली. वॉचमनला विचारलं, तर "होती का?" असं त्याने उलट विचारलं. चांदणी चोरणारा ती विकतो की गळ्यात घालतो, हे कुणाला ठाऊक! पण गळ्यात घालण्याला परंपरा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बीस्टी बॉइज या गाणाऱ्या मंडळींपैकी एकाने फोक्सवॅगनचं चिन्ह साखळीत ओवून गळ्यात घातलं, आणि त्यांच्या चाहत्यांनी दिसेल ती फोक्सवॅगन भुंडी करायला घेतली. पुढे पुण्याच्या उन्हाने ठिसूळ झालेल्या जाळीवर मुलांचा टेनिस बॉल बसला आणि मधल्या तीन पट्ट्या गळाल्या. क्रोमची चौकट राहिली, आत भगदाड पडलं.

"जाळी शोभेची नसते," तळमजल्यावरच्या साहेबांनी सुरुवात केली. साहेब म्हणजे निवृत्त इंजिनिअर. ते कुठल्याही दुरुस्तीला हात लावत नाहीत, पण दुरुस्ती जिथून सुरू व्हायला हवी त्याच्या शंभर वर्षं आधीपासून सांगायला लागतात. सुरुवातीला म्हणे रेडिएटर हेच गाडीचं तोंड होतं. पहिल्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने सहा मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या जोडून रेडिएटर केला. पाणी नळ्यांभोवती फिरायचं, वारा नळ्यांतून घुसायचा आणि इंजिन थंड व्हायचं. मग समोरून उडणारे खडे आणि किडे नळ्यांत जाऊ नयेत म्हणून पुढे जाळी आली. जाळी आल्यावर रेडिएटर लाजून आत गेला आणि जाळी नटायला लागली. आता तर कितीतरी गाड्यांच्या जाळीच्या बऱ्याच भागातून वारा जातच नाही, मागे सपाट प्लॅस्टिक असतं.

"म्हणजे शोभेचीच की," नाना म्हणाले.

"आता शोभेची. मुळात नव्हती," साहेबांनी मुळाकडे बोट दाखवलं.

चांदणीचं मूळही रेडिएटरच्याच डोक्यावर निघालं. जुन्या गाड्यांत पाणी उकळायला लागलं तर चालवणाऱ्याला पत्ता लागत नसे. म्हणून अमेरिकेत १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा तापमापक आला, बॉइस मोटोमीटर. आणि या झाकणावर काहीतरी उभं करता येतं हे एकदा लक्षात आल्यावर माणसाने तिथे काय म्हणून उभं केलं नाही! हिस्पानो-सुइझाने करकोचा बसवला, जॅग्वारने झेप घेणारा जॅग्वार. बुगाटीने आपल्या रॉयाल गाडीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला हत्ती चढवला, आणि तो हत्ती कंपनीच्या मालकाच्या शिल्पकार भावाने घडवलेला होता. रोल्स-रॉइसवरची ती पदर उडालेली बाई १९११ ची, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची. तिच्यासाठी एलिनॉर थॉर्नटन या स्त्रीचा चेहरा-बांधा समोर ठेवला होता असं मानतात. ही एलिनॉर १९१५ च्या डिसेंबरात आपले मालक लॉर्ड माँटेग्यू यांच्याबरोबर 'पर्शिया' बोटीने हिंदुस्थानच्या वाटेवर होती. क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. लॉर्ड वाचले, एलिनॉर गेली. ती स्वतः कधी इथे पोचली नाही. तिच्या मूर्ती मात्र संस्थानिकांच्या गाड्यांच्या नाकावर बसून गावोगाव फिरल्या.

इथे साहेब थोडा वेळ गप्प राहिले. नाना मात्र चांदणीची गोष्ट ऐकायला अधीर झाले होते, कारण ती त्यांना पाठ होती आणि चुकली तर सुधारायची होती. गॉटलीब डाइमलर डॉइट्झच्या इंजिन कारखान्यात नोकरीला असताना त्याने घरी एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावरच्या चित्रात आपल्या घरावर त्याने एक तारा काढला होता, हा तारा एक दिवस आपल्या कारखान्यावर झळकेल अशा अर्थाने. तो गेल्यानंतर मुलांना हे कार्ड आठवलं आणि १९०९ मध्ये कंपनीने तीन टोकांचा तारा नोंदवून टाकला. एक टोक जमिनीचं, एक पाण्याचं, एक हवेचं.

"पोस्टकार्डावर!" नाना दर वेळी इथे थांबतात. एवढा मोठा उद्योग एका पोस्टकार्डात मावला, याचं त्यांना मर्सिडीजपेक्षा जास्त कौतुक आहे.

आपल्याकडे बॉनेटवर कुणाला उभं करण्याची हौस फारशी नाही. आपला तारणहार आत, डॅशबोर्डवर असतो. गणपती, स्वामी समर्थ, साईबाबा, कुणाचा विठ्ठल; दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर किंवा छोट्या स्प्रिंगवर. पाऊस लागत नाही, चोर नेत नाही, आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्यावर नजर राहते. युरोपने आपलं दैवत पुढे पाठवलं आणि स्वतः मागे बसला. आपण दैवताला शेजारी बसवलं आणि लिंबू-मिरचीला पुढे पाठवलं.

एवढ्यात चेअरमन आले. त्यांना काळजी वेगळी होती. गाडीचं तोंड असं परस्पर बदलायला परवानगी लागते का? २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बंपरपुढचे लोखंडी क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले, तेव्हा चेअरमनना स्वतःच्या गाडीचा गार्ड काढावा लागला होता, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेव्हापासून त्यांच्या जिभेवर आहे. साहेबांनी समजावलं, की हे कलम नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे. इंजिन, चासी, आसनं, इंधन वगैरे. "आरसीत नाकाचा रकाना नसतो," साहेब म्हणाले.

नाक मात्र कोर्टात जाऊ शकतं, हे त्यांनी पुढे सांगितलं. १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जुळवणाऱ्या महिंद्राने अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी काढली. ती आमच्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. जीपची ओळख म्हणजे जाळीतल्या सात उभ्या फटी. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला. मग महिंद्राने गाडीचं तोंड बदललं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयोगाने नव्या तोंडाला हरकत नाही असं सांगितलं.

"म्हणजे तोंड बदललं की माणूस सुटतो," चेअरमन म्हणाले. ते व्यवसायाने वकील नाहीत, पण सोसायटीचे अध्यक्ष आहेत.

जाळी आणायला नाना नाना पेठेत गेले. गाडीचा कुठलाही अवयव तिथे मिळतो, फक्त तुम्हाला काय हवं आहे हे तुम्हाला माहीत नाही अशी दुकानदाराची खात्री असते.

"ओरिजिनल पाहिजे का डुप्लिकेट?"

"फरक काय?"

"ओरिजिनल येईल तेव्हा येईल. डुप्लिकेट आहे."

"आणि टिकायला?"

"काका, गाडीचं साल काय म्हणालात? शहाण्णव?" दुकानदाराने एवढं विचारून जाळी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

चांदणीला तिथे 'मोनोग्राम' म्हणतात. ती नानांनी जुन्या बाजारातही शोधली. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात तुमचीच हरवलेली वस्तू तुम्हाला पुन्हा विकत मिळते अशी ख्याती आहे, आणि नाना त्याच आशेने गेले होते. मिळाली नाही. शेवटी पेठेतूनच नवी घेतली. तेवढ्या पैशांत चांदीचं निरांजन आलं असतं, असा हिशेब नानींनी तिथल्या तिथे करून ठेवला.

रविवारी सकाळी नानांनी बॉनेट उघडलं.

पुरुषांबद्दल एक निरीक्षण नोंदवून ठेवलं पाहिजे. उघडं बॉनेट दिसलं की चालत्या पुरुषाचा वेग कमी होतो. तो हात मागे बांधतो, किंचित वाकतो, इंजिनकडे बघतो आणि म्हणतो, "बॅटरी?" दूध आणायला निघालेला, फिरायला निघालेला, इस्त्रीचे कपडे परत द्यायला आलेला, सगळे "बॅटरी?" म्हणाले. जाळी बदलतोय हे कळल्यावरही कुणी गेलं नाही. बॅटरीवर एकच मत असू शकतं, जाळीवर प्रत्येकाचं वेगळं.

या गाडीचं बॉनेट उघडणं हाही एक सोहळा आहे. आतून खटका ओढला की जाळीच्या फटीतून एक छोटी पट्टी जीभ दाखवल्यासारखी बाहेर येते; ती ओढायची. जाळी बॉनेटलाच जोडलेली असल्यामुळे बॉनेटबरोबर जाळीही वर जाते. शिवाय या पिढीचं बॉनेट एक खटका दाबून थेट नव्वद अंशांत, सरळ उभं करता येतं. नानांनी ते केलं. त्याबरोबर जाळी आणि चांदणीची जागा नानांच्या डोक्याच्या वर गेली. वॉचमनने स्टूल आणलं.

"मग उभं केलंत कशाला?" साहेबांनी विचारलं.

"होतं म्हणून," नाना म्हणाले.

बॉनेट पुन्हा नेहमीइतकं खाली आलं आणि कामाला सुरुवात झाली. आतल्या बाजूने नट ढिले करायचे आणि क्लिपा सोडवायच्या, एवढंच काम. नट गंजले होते. कुणी डब्ल्यूडी-४० मारा म्हणालं, कुणी खोबरेल तेल, कुणी नुसतं थांबा म्हणालं. नानांनी तिन्ही केलं. दहाच्या पान्याने नट हलला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या आवाजात एक वायसर निसटून रेडिएटरच्या पलीकडे कुठेतरी गेला. तो शोधायला चौघं जण वाकले. वायसर मिळाला नाही, पण वॉचमनची गेल्या पावसाळ्यात हरवलेली किल्ली मिळाली.

क्लिपांचं शास्त्र वेगळं आहे. नवी क्लिप न तुटता बसते आणि जुनी क्लिप न तुटता निघत नाही. ती तुटताना कट् असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज झाला की जमलेले सगळे एकदम म्हणतात, "काही नाही, काही नाही." मग थोड्या वेळाने एक जण हळूच म्हणतो, "एम-सील आहे का कुणाकडे?"

नवी जाळी जवळजवळ बसली. 'जवळजवळ' हा डुप्लिकेट मालाचा गुणधर्म आहे. चार भोकं जुळली, पाचवं अर्ध्या बोटाने चुकलं आणि जीभ बाहेर यायची फट किंचित डावीकडे निघाली. ती जुळली नाही तर बॉनेट पुन्हा कधीच उघडणार नाही, हे साहेबांनी सांगितल्यावर बरेच प्रेक्षक आणखी जवळ आले. नानांनी घरून कानस आणली आणि फट घासून रुंद केली.

एवढ्यात नानी चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी जाळीकडे बघितलं आणि मग नानांकडे. नानांचे पुढचे दोन दात गेल्या वर्षी पडले आहेत. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ऐकून नानांनी "नाहीतरी पेरू मला आवडत नाही" असं म्हणून तो विषय संपवला होता.

"गाडीची कवळी झाली का बसवून?" नानींनी विचारलं. सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं.

चांदणी बसवायचं काम दोघांचं. ती स्प्रिंगवर असते. देठ वरून भोकात सोडायचा, मग खालून एकाने पकडीने स्प्रिंग ओढून पाव आटा फिरवायचा, की ती अडकते. नाना बॉनेटखाली शिरले, साहेब वरून चांदणी धरून उभे राहिले. मध्ये पत्रा.

"धरलीत?"

"काय?"

"धरलीत का?"

"बसली?"

"अहो, मी विचारतोय!"

स्प्रिंग दोनदा निसटली, नानांच्या बोटाला चिमटा बसला, आणि मग खट्कन चांदणी जागेवर बसली. साहेबांनी लगेच ती बोटाने मागे वाकवली. नाना किंचाळले. पण साहेबांना सिद्ध करायचं होतं, की बॉनेटवरची आकृती वाकलीच पाहिजे. समोरचा माणूस त्यावर आपटला तर त्याच्या पोटात घुसू नये म्हणून युरोपात नियमच आहे. साधारण दहा किलोच्या जोराने ती वाकली, आत गेली किंवा निघून आली पाहिजे.

"निघून येण्याचा नियम आमच्याकडे आधीच पाळून झालाय," नाना म्हणाले.

मग चांदणी तिरकी दिसते, असं कुणीतरी म्हणालं. डावीकडून बघणाऱ्यांना ती उजवीकडे कललेली दिसली, उजवीकडून बघणाऱ्यांना डावीकडे. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम करणारा गवंडी ओळंबा घेऊन खाली आला. त्याने ओळंबा धरला, एक डोळा मिटला आणि सांगितलं, "चांदणी सरळ हाय. गाडी वाकडी हाय." पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला आहे, हे बिल्डरच्या नकाशात असलेलं आणि आजवर कुणाला न जाणवलेलं सत्य त्या दिवशी सिद्ध झालं.

बी विंगमधला कॉलेजकुमार हे सगळं मोबाइलवर टिपत होता. "आजोबा, आमच्या इलेक्ट्रिकला हा त्रासच नाही. जाळीच नाही!" तेही खरं. इंजिन नाही तर उकळणार काय, आणि वारा घ्यायचा तो किती? म्हणून विजेच्या बऱ्याच गाड्या पुढून सपाट असतात. काहींनी सवयीखातर जाळीचं नुसतं चित्र ठेवलं आहे. नानींनी त्याला कळकळीने विचारलं, "मग दसऱ्याला झेंडूचा हार कुठे बांधता रे?" मुलगा जरा विचारात पडला. "आईने आरशाला बांधला," तो म्हणाला. नानींच्या चेहऱ्यावर त्या गाडीविषयी दया दिसली.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. पुढे नाना-नानी, मागे साहेब आणि मी. आणि गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडल्यावर एक गोष्ट नानांच्या लक्षात आली. जाळी दिसत नव्हती. सकाळभर राबून बसवलेली, कानस मारलेली, पुसून चकाकवलेली ती जाळी आता फक्त समोरच्यांची होती. दुकानांच्या काचा लागल्या की नाना मान वळवून तिचं प्रतिबिंब बघायचा प्रयत्न करत होते आणि नानी "समोर बघा" म्हणत होत्या.

समोर चांदणी होती. लांबलचक बॉनेटच्या टोकाला, बरोबर मध्यभागी, रस्त्यावर नेम धरून. गाडीच्या अख्ख्या तोंडातली ही एकच गोष्ट आतल्या माणसाला दिसते. जाळी जगासाठी असते. चांदणी ज्याची गाडी त्याच्यासाठी. नाना तिच्या टोकावर नजर ठेवून चालवत होते. खड्डे मात्र चांदणीला दिसत नव्हते, ते साहेबांना मागे जाणवत होते.

सिग्नलला शेजारी एक नवीकोरी मर्सिडीज येऊन थांबली. तिच्या बॉनेटवर काही नव्हतं. तारा होता तो जाळीच्या मधोमध, ताटाएवढा. "हल्ली बहुतेकदा तिथेच असतो," साहेब म्हणाले. "त्याच्यामागे रडार बसवतात, पुढच्या गाडीचं अंतर मोजायला." आत बसलेल्या तरुणाने नानांच्या चांदणीकडे एकदा वळून पाहिलं. नानी त्याच्या गाडीकडे बराच वेळ निरखून बघत होत्या.

"अहो, म्हणजे त्याला आतून चांदणी दिसतच नाही?"

"नाही."

"मग एवढे लाख घातले ते कुणासाठी?"

"समोरच्यांसाठी," नाना म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडभरून हसले.

नानींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "तुमचं तोंड तुम्हाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी समोर असते. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं. आणि ओरिजिनल बसवायची."